नुसतं वाचायला पैसे कशाला?

मैत्रिणींनो, लाइट बिल, बँकेचं स्टेटमेंट, स्वाध्यायाचा ग्रंथ, हल्ली सगळं पीडीएफमध्येच येतं. ते नुसतं वाचायला पैसे भरू नका. पीडीएफ २००८ पासून खुलं मानक आहे, एकाच कंपनीची मिरास नाही. कॉम्प्युटरवरचं एज किंवा क्रोम ते उघडतंच. मोठा ग्रंथ रोज थोडा वाचायचा असेल तर विंडोजवर सुमात्रा पीडीएफ घ्या. मोफत, आटोपशीर, जाहिराती नाहीत, आणि कालचं पान लक्षात ठेवतं. (आमच्या ह्यांना फारच साधं वाटतं. मला तेच आवडतं.) मात्र ते त्याच्या स्वतःच्या साइटवरूनच उतरवा. शोधताना सगळ्यात वर जाहिरातीत दिसणारं ‘फ्री डाउनलोड’ दाबू नका. त्यासोबत नको ते प्रोग्रॅम आत शिरू शकतात, आणि बँकेचा पासवर्ड आपण याच कॉम्प्युटरवर टाकतो.