पनवती नेमकी कोण?

मागच्या आठवड्यात गावात एका लग्नाला गेलो होतो. नवरदेवाला हळद लावायला सगळ्या बायका पुढं झाल्या. त्याची सख्खी काकू मात्र मांडवाच्या खांबापाशी उभी. काका दोन वर्षांखाली गेले, कर्जापायी. मी म्हणलं, "काकू, तुम्ही बी जा की." ती हळूच म्हणाली, "नको बाबा. उद्या काही झालं तर लोक मलाच पनवती म्हणतील."

तो शब्द डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय.

पनवती म्हणजे मुळात वाईट काळ, शनीचा फेरा. शनीला सूर्याभोवती फिरायला साधारण साडेएकोणतीस वर्षं लागतात. राशी बारा, म्हणजे एका राशीत अडीच वर्षं. आपली रास, मागची आणि पुढची धरली की साडेसात वर्षं. तीच साडेसाती. आता हिशोब करा. बारातल्या तीन राशी म्हणजे कधीही बघा, पाव गाव साडेसातीत असतंच. चार हजारांच्या गावात हजार माणसं! मग बोट एकट्या काकूकडंच का?

कारण काळाचा शब्द आपण माणसाला चिकटवला. गंमत बघा, शेजारच्या गुजरातीत 'पनोता पुत्र' म्हणजे भाग्यवान, लाडका लेक. शब्दात काही नसतं, वापरणाऱ्यात असतं.

१९ नोव्हेंबर २०२३ ला अहमदाबादला आपण वर्ल्डकपची फायनल हरलो. सलग दहा मॅच जिंकलेली टीम. तेव्हा हा शब्द मोबाईलवर इतका फिरला की प्रचाराच्या भाषणात गेला, निवडणूक आयोगाची नोटीससुद्धा निघाली. आपण बी हसलो. पण मोठ्या माणसाला हा शब्द चिकटत नाही. चिकटतो तो नव्या सुनेला, विधवेला, आईबाप लवकर गेलेल्या लेकराला. ज्याला उलट बोलता येत नाही, त्यालाच.

आणि खरं नुकसान पुढंच आहे. २०२४ च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला आपल्या जिल्ह्यात काय पाऊस झाला ते आठवा. नदी-ओढे शेतात घुसले, उभं सोयाबीन पाण्यात गेलं. त्यात कुणाच्या सुनेचा पायगुण होता का? भाव पडतो, विमा अडकतो, सावकाराचं व्याज वाढतं. या प्रत्येकाला कारण असतं आणि जबाबदार कुणीतरी असतो. 'पनवती लागली' म्हणलं की विचारणंच संपतं. काका गेले तेव्हा बँकेला कुणी विचारलं नाही, बाजाराला विचारलं नाही. काकूच्या पायाकडं मात्र सगळ्यांनी बघितलं.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या गावांना तोच कित्ता गिरवायला सांगितलं. औंढा, वसमत, कळमनुरी, सेनगाव, हिंगोली, आपल्या पाचही तालुक्यांत ग्रामसभा होतातच की. एक ठराव मांडायला काय लागतं?

ठराव होईल तेव्हा होईल. पुढच्या लग्नात खांबापाशी उभ्या असलेल्या काकूला हात धरून पुढं आणा. एवढं तर आपल्या हातात आहे.

तुमच्या घरात हा शब्द कुणाला म्हणतात? एकदा आठवून बघा.