मुलांची नाट्यस्पर्धा आणि आपली जबाबदारी

नाट्यस्पर्धेचे दिवस जवळ आले म्हणजे आपल्या समाजातील घराघरांतून एक निराळीच लगबग सुरू होते. रविवारी भाड्याने घेतलेली सभागृहे तालमींनी गजबजतात, आया भरजरी वस्त्रांच्या शोधात पेट्या उपसू लागतात, आणि अकरा ते चौदा वर्षांची मुलेमुली संवादांचे कागद हाती घेऊन ट्राममध्येही ओठ हलवीत बसलेली दिसतात. हा उत्साह स्तुत्य आहे यात संशय नाही. परंतु मुलांना स्पर्धेसाठी तयार करणे म्हणजे नेमके काय करणे, याचा विचार आपण पालकांनी आणि संस्थाचालकांनी म्हणावा तसा केलेला नाही. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्याविषयी माझे मत स्पष्टपणे मांडावे असे वाटते. ते एका वाक्यात सांगायचे तर असे : ज्या वाक्याचा अर्थ मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगता येत नाही, ते वाक्य रंगभूमीवर त्याच्या तोंडी घालण्याचा आपणांस अधिकार नाही.

ही अट कित्येकांना फार कडक वाटेल. म्हणून आपल्या पूर्वजांनी भाषा कशी टिकविली, हे प्रथम आठवून पाहू. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अॅटलस' हे जहाज पोर्ट लुईच्या बंदरात लागले आणि मॉरिशसमधील कंत्राटी मजुरीचे पर्व सुरू झाले. पुढे मुंबई बंदरातून कोकणातील माणसेही त्याच वाटेने गेली. विष्णुदास भावे यांनी सांगलीस 'सीतास्वयंवर' रंगविले ते १८४३ साली. म्हणजे जे अगदी आरंभी गेले त्यांनी पडद्याचे मराठी नाटक पाहिलेच नव्हते. त्यांच्या गाठोड्यात होता तो दशावतार, भजन आणि जाखडी. तीच जाखडी मॉरिशसच्या मातीत 'झाकरी' या नावाने रुजली. तिकडे ५ जून १८७३ रोजी 'लालारूख' जहाज सुरिनामला पोहोचले, आणि १९१६ पर्यंत सुमारे चौतीस हजार माणसे त्या किनाऱ्यावर उतरली. त्यांपैकी अनेकांचे वंशज आज हेग, रॉटरडॅम आणि अॅमस्टरडॅम येथे आपले शेजारी आहेत, आणि आपल्या उत्सवांतून आपल्यासह बसतात.

या मंडळींजवळ शाळा नव्हत्या, छापखाने नव्हते. तरीही भाषा राहिली, ती कशी? मुन्शी रहमान खान यांचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. हे गृहस्थ १८९८ मध्ये कंत्राटावर सुरिनामला गेले. धर्माने मुसलमान असूनही रामायणाचे जाणकार म्हणून हिंदूंमध्ये त्यांचा मान होता. आपल्याकडील रामायणवाचनाची जुनी रीत वाचकांस ठाऊकच आहे : आधी चौपाई म्हणावयाची आणि मग तिचा अर्थ घरगुती बोलीत उलगडून सांगावयाचा. अर्थ सांगणारा माणूस नसेल तर ऐकणारे उठून जात. दिवसभर उसाच्या शेतात राबलेल्या माणसांनी केवळ नादासाठी रात्री जागविल्या नाहीत. शब्द कळत होते म्हणून ते जिभेवर राहिले. आज मात्र त्यांच्या पणतवंडांना आपण अर्थावाचून शब्द पाठ करावयास लावतो, आणि त्यालाच भाषेची सेवा म्हणतो.

हे कसे घडते ते पाहा. स्पर्धा दोन महिन्यांवर आली की नाटक निवडले जाते, आणि ते बहुधा मोठ्यांनी मोठ्यांसाठी लिहिलेले, संस्कृतप्रचुर असते. मुलांना देवनागरी वाचता येत नाही, म्हणून संवाद रोमन लिपीत उतरवून दिले जातात. उच्चार कळावेत म्हणून कोणी काकू ते भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रित करून पाठवितात. मूल ते वीस वेळा ऐकते आणि पोपटासारखे म्हणू लागते. प्रयोगाच्या दिवशी आजी-आजोबांच्या डोळ्यांत पाणी येते, टाळ्या पडतात, छायाचित्रे निघतात. आठवड्याने त्याच मुलास त्यातील एखादा शब्द विचारावा, तर ते डच भाषेत उत्तर देते की तो शब्द नाटकातला होता!

एका तालमीत पाहिलेला प्रसंग सांगण्याजोगा आहे. संवादात 'मी त्याच्या तोंडाला पाने पुसली' असे वाक्य होते. ते म्हणणाऱ्या बारा वर्षांच्या मुलाने मोठ्या गांभीर्याने कुंडीतील एक पान तोडले आणि समोरच्या सोबत्याच्या गालावर घासले. सारे हसले. मुलगा गोरामोरा झाला. वास्तविक तो एकटाच त्या खोलीत विचार करीत होता. वाक्यात पान आहे, तोंड आहे, पुसणे आहे, म्हणजे काहीतरी कृती असली पाहिजे, असे त्याने अनुमान बांधले. कोणी त्याला 'फसविणे' हा अर्थ सांगितलाच नव्हता. तो सांगितल्यावर त्याच मुलाने वाक्य असे काही ऐटीत फेकले की पुन्हा शिकवावे लागले नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आपल्या मुलांना रंगभूमीचे भय मुळीच नाही. या देशात प्राथमिक शाळेच्या आठव्या गटातील मुले शाळा सोडण्यापूर्वी निरोपाचे संगीतनाटक करतात, आणि बहुतेक प्रत्येक मूल त्यात काही ना काही भूमिका घेते. उभे कसे राहावे, प्रेक्षकांकडे पाठ कशी करू नये, गाण्यात केव्हा शिरावे, हे त्यांना तेथे शिकावयास मिळते. त्यानंतर ती माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्गात जातात. त्या वर्गाला डच भाषेत 'ब्रुगक्लास' म्हणजे पुलाचा वर्ग म्हणतात. आपली मुले त्या वयात खरोखरच पुलावर उभी असतात. आजीची भाषा अर्धवट कानांत असते, मित्रांची भाषा पूर्णपणे जिभेवर आलेली असते. या दोन-तीन वर्षांत जी भाषा त्यांनी स्वतः वापरली नाही, ती पुढे ती वापरतील याची आशा फार थोडी. मॉरिशसमध्ये सरकारी शाळांतून मराठी शिकविली जाते, तेथील शासनाच्या नाट्यमहोत्सवातही मराठीला स्थान आहे. येथे तसा कोणताच आधार नाही. येथे आहे ती एवढी रविवारची तालीम. म्हणून ती वाया जाऊ देणे आपणांस परवडणार नाही.

मग तालीम कशी असावी? माझ्या मते बारा रविवार हाताशी असतील तर पहिले तीन केवळ वाचनाला द्यावेत. कोणालाही भूमिका वाटून देऊ नये. सर्वांनी सर्व संवाद वाचावेत आणि प्रत्येक वाक्य प्रथम डच भाषेत आणि मग आपल्या साध्या बोलीत सांगून दाखवावे. जे वाक्य तिसऱ्या रविवारीही कोणास सांगता येत नाही ते खुशाल कापावे. लेखकाची परवानगी लागत असेल तर ती मागावी. मुलांचे नाटक वीस-पंचवीस मिनिटांचे असले तरी पुष्कळ झाले.

उच्चारांकडेही याच वेळी लक्ष द्यावे, परंतु रागावून नव्हे, कारण सांगून. डच भाषेत 'ख', 'घ', 'भ' असे महाप्राण नाहीत आणि 'ळ' तर नाहीच. त्यामुळे घराचे 'गर' होते आणि भाजीची 'बाजी' होते. 'काळ आला होता' हे वाक्य मूल 'काल आला होता' असे म्हणते, आणि साक्षात मृत्यूच्या जागी कोणी पाहुणा येऊन गेल्यासारखे वाटते! हा भेद मुलांना समजावून सांगितला की त्यांना त्याची मौज वाटते, आणि मौज वाटली की जीभ आपण होऊन वळते. नुसते 'शुद्ध बोल' म्हटल्याने मात्र ती अधिकच अडखळते.

शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्या ज्येष्ठांचा आक्षेप मला ठाऊक आहे. ते म्हणतील, सोपे करता करता आणि डच शब्द मिसळता मिसळता भाषाच उरणार नाही. त्यांची कळकळ खरी आहे. तथापि मराठी रंगभूमीने बोलींच्या सरमिसळीचा कधीच विटाळ मानलेला नाही. १९६२ मध्ये रंगभूमीवर आलेल्या आचार्य अत्रे यांच्या 'तो मी नव्हेच' या नाटकात प्रभाकर पणशीकर एकाच रात्रीत निरनिराळ्या समाजांच्या माणसांची सोंगे आणि बोली वठवीत, आणि प्रेक्षक त्यांना डोक्यावर घेत. नाटकातील नातू आजीशी बोलताना अडला आणि त्याच्या तोंडून डच शब्द निघाला, तर ते आपल्या घरातील सत्य आहे. आजीने त्याला आपला शब्द द्यावा, त्याने तो उचलावा, हा संवाद रंगभूमीवर व्हावा. न कळणाऱ्या शुद्ध भाषणापेक्षा कळलेली मिश्र भाषा मला अधिक आशादायक वाटते. कारण जे कळले आहे त्यात भर घालता येते.

आता विषयासंबंधी. राम, कृष्ण आणि शिवाजी महाराज यांच्या कथा मुलांनी अवश्य कराव्यात. परंतु दरवर्षी त्याच कराव्यात आणि आपली स्वतःची कथा कधीच करू नये, हे मला पटत नाही. हेग येथील मध्यवर्ती रेल्वे स्थानकाला लागूनच राष्ट्रीय अभिलेखागार आहे. सुरिनामला गेलेल्या कंत्राटी मजुरांच्या नोंदी तेथे शोधता येतात. नाव, वय, गाव, जहाज, मळा, सारे त्यांत आहे. मॉरिशसच्या नोंदी आणि अनेकांची छायाचित्रे मोका येथील महात्मा गांधी संस्थेने जपून ठेविली आहेत. तालमीस आरंभ करण्यापूर्वी प्रत्येक मुलाने आपल्या घरातील एका तरी माणसाची नोंद शोधावी. ज्याला सापडणार नाही त्याने आजोबांना विचारावे. आपली खापरपणजी अमुक गावाहून अमुक वयात एकटी जहाजावर चढली, हे वाचलेल्या मुलीस 'दुःखी चेहरा कर' असे दिग्दर्शकाने सांगण्याची गरज राहत नाही. १९०२ मधील मारिएनबर्गच्या मळ्यावरील गोळीबारासारखे विषय थोड्या मोठ्या मुलांसाठी ठेवावेत. लहानांसाठी जहाजावरील एक रात्र, पहिले पत्र, पहिली चूल एवढेही पुरेसे आहे.

पालकांनाही दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. मुख्य भूमिका आपल्याच मुलाला मिळावी म्हणून रुसवेफुगवे होतात, देणगीची आठवण करून दिली जाते, आणि लाजाळू मुले झाडे किंवा द्वारपाल होऊन उभी राहतात. वस्तुतः ज्या मुलाला भाषा सर्वांत कमी येते त्यालाच सर्वांत अधिक बोलावयास मिळाले पाहिजे. म्हणून ज्यांत सात-आठ पात्रांना सारखे संवाद आहेत अशी नाटके निवडावीत, किंवा मुलांकडूनच लिहवून घ्यावीत.

मी स्पर्धेच्या विरुद्ध आहे असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. १९५४ मध्ये तेव्हाच्या मुंबई राज्यात सरकारी नाट्यस्पर्धा सुरू झाली आणि तिने गावोगावच्या हौशी मंडळींना नाटकाला लावले. मुलांच्या रंगभूमीलाही अशाच निष्ठेचा लाभ झाला. १९५९ साली सुधाताई करमरकर यांनी 'लिटल थिएटर' स्थापून रत्नाकर मतकरी यांचे 'मधुमंजिरी' रंगभूमीवर आणले. मुलांचे नाटक हे मोठ्यांच्या नाटकाइतक्याच मेहनतीने करावयाचे असते, हा धडा त्यांनी घालून दिला. तारीख ठरलेली असली की तालीम टळत नाही, आणि दुसऱ्यांचे चांगले काम पाहून मुले शिकतात. स्पर्धेचा हा उपयोग मोठा आहे.

परंतु आपण बक्षिसे कशाला देतो ते बदलले पाहिजे. परीक्षकांच्या कागदावर अभिनय, दिग्दर्शन, नेपथ्य, वेशभूषा असे रकाने असतात. त्यांत आणखी एक रकाना असावा. प्रयोग संपल्यावर परीक्षकांनी मुलांना दहा मिनिटे समोर बसवावे आणि त्यांच्या भूमिकेविषयी त्या भाषेतच साधे प्रश्न विचारावेत : तू कोण होतास? तू का रागावलास? पुढे तुझे काय झाले असेल? उत्तरे मोडकीतोडकी असली तरी चालतील. या दहा मिनिटांना वेशभूषेहून अधिक गुण ठेविले, तर पुढील वर्षीच्या तालमी आपोआप निराळ्या होतील. शिक्षक अर्थ सांगू लागतील, आणि भरजरी वस्त्रांवर होणारा खर्च थोडा आटोक्यात येईल.

आपल्या संस्थेच्या कार्यकारिणीने येत्या स्पर्धेपासून एवढा एक नियम करून पाहावा, अशी माझी नम्र विनंती आहे. तो करताना कदाचित काही चषक आपल्या हातून जातील. परंतु ज्या माणसांजवळ एका करारपत्राखेरीज काहीच नव्हते, त्यांनी आपल्यापर्यंत शब्द अर्थासहित आणून पोहोचविले. पुढील पिढीस ते देताना आपण निदान अर्थ तरी गाळू नये.