चित्रात कोण नाही?

निसर्गचित्र ही एक निरुपद्रवी वस्तू आहे, तिचा समाजाच्या व्यवहाराशी काही संबंध नाही, असा समज सुशिक्षितांत रूढ आहे. तो कितपत खरा आहे, हे अमेरिकेतील एका चित्रावरून तपासून पाहू.

थिओडोर क्लेमेंट स्टील (१८४७–१९२६) हा इंडियाना राज्यातील चित्रकार. म्युनिच येथे त्याने पाच वर्षे काळपट, तपकिरी रंगांच्या परंपरेत शिक्षण घेतले. १८८५ साली मायदेशी परतल्यावर तो आपल्याच प्रांतातील टेकड्या, ओढे व शेते उघड्यावर बसून रंगवू लागला. सावलीलाही रंग असतो, हे फ्रान्समधील दृक्‌प्रत्ययवाद्यांनी दाखविलेले सत्य हळूहळू त्याच्या कुंचल्यात उतरले. १८९३ सालच्या त्याच्या तैलचित्राचे नाव ‘द ब्लूम ऑफ द ग्रेप’. पिकल्या द्राक्षावर जी निळसर जांभळी झाक असते, तीच पानगळीच्या दिवसांतील त्या भूमीवर धुके होऊन पसरली आहे. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्याचा सन्माननीय उल्लेख झाला. परमुलुखाची नक्कल न करता आपल्या पायाखालची माती चित्रास योग्य मानणे, हा स्वाभिमानच होय.

परंतु ही भूमी इतकी शांत कशी? इंडियाना हा मुळात मायामी, पोटावाटोमी आदी आदिवासींचा प्रदेश. १८३८ साली ८५९ पोटावाटोमी स्त्री-पुरुष-मुलांना सशस्त्र पहाऱ्यात कॅन्ससकडे हाकलून नेण्यात आले. दोन महिन्यांच्या त्या वाटेवर चाळीसहून अधिक जीव गेले आणि त्यांत बहुतेक मुले होती. पुढे १८५१ च्या राज्यघटनेने कृष्णवर्णीयांना त्या राज्यात येऊन वस्ती करण्यास मनाई केली. ते कलम घटनेतून निघाले १८८१ साली. तोवर स्टीलने तिशी ओलांडली होती.

यांतील काहीही चित्राच्या चौकटीत नाही. हा चित्रकाराचा अपराध म्हणावयाचा काय? नाही. धुके रंगविणे हा गुन्हा नव्हे. चूक होते ती पाहणाराची. रंगविलेली शांतता हाच त्या भूमीचा इतिहास, असे तो मानून बसतो. आपल्याकडील दिनदर्शिकांवरही कौलारू घरे, नदी, देऊळ, बैलजोडी असा गाव असतो. शिवेबाहेरची वस्ती तेवढी नसते. त्या वस्तीतून आलेल्या आपणांस हे निराळे सांगावयास नको.

म्हणून अशी चित्रे त्याज्य मानावीत, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. सौंदर्य पाहण्याचा अधिकार कोणा एका वर्गाचा नव्हे. आपल्या मुलामुलींच्या हाती पाटी-पुस्तकांबरोबर रंगही द्यावेत. त्यांनी स्टीलप्रमाणे आपल्या गावचे ऊन डोळे भरून पाहावे, आणि पाणवठा रंगविताना तेथे कोणाला दूर उभे राहावे लागत होते, त्या माणसालाही चित्रात त्याची जागा द्यावी.