हात कुणाचा?

गेल्या मे महिन्यात ग्वाल्हेरला आत्याकडे गेले होते. आतेभाऊ बी.एस्सी.ला आहे. त्याने किल्ल्याची चढण चढवून चतुर्भुज मंदिरातला प्रसिद्ध शून्य दाखवला. इ.स. ८७६ च्या त्या शिलालेखात एका बागेचे माप आहे : २७० हात आणि १८७ हात. लोक शून्याचे कौतुक करतात. मला, वाणिज्य शाखेच्या मुलीला, भलताच प्रश्न पडला. हात कुणाचा?

तो म्हणाला, "आकाश मोजणाऱ्यांनाही हाच प्रश्न सुटत नाही." आणि उतरताना त्याने नारायणगावजवळच्या खोडदची हकीकत सांगितली. तिथल्या जीएमआरटी या ३० अँटेनांच्या रेडिओ दुर्बिणीने २०१० ते २०१२ या काळात नव्वद टक्के आकाश पाहिले. सहा लाखांवर स्रोत सापडले, बहुतेक दूरच्या दीर्घिका. पण १५० मेगाहर्ट्झच्या लहरी आयनांबरातून येताना वाकतात. हलत्या पाण्याखालचे नाणे जागा बदलते तसे स्रोत सरकलेले दिसतात. म्हणून दिशेदिशेला वेगळी दुरुस्ती करून २०१६ साली नवी यादी काढली. २०१७ मध्ये तिचा ऑस्ट्रेलियातील दुर्बिणीच्या यादीशी ताळा घेतला, तर तेजाचे आकडे कुठे चढे, कुठे उतरते! माप चढे असले की एरवी वगळल्या गेल्या असत्या अशा मंद दीर्घिकाही यादीत शिरतात आणि तिथे गर्दी असल्याचा भास होतो. २०१९ मध्ये अभ्यासकांना अशी जादा गर्दी दिसली, तेव्हा संशय मापावरच गेला. हे सारे छापून जाहीर केलेले आहे.

हे ऐकून मी गप्प झाले. चुकीची नोंद खोडू नये, दुरुस्तीची नोंद घालावी, तेरीज जुळली तरी चुका उरतात, हे आम्ही परीक्षेत घडाघडा लिहितो. आणि गेल्या वर्षी आमच्या गटाने बाजारपेठेची पाहणी केली, तेव्हा काय केले? चाळीस फॉर्म. सगळे दुपारी भरलेले, मालक जेवायला गेलेले, उत्तरे नोकरांची. विचारले कन्नडात, लिहिले मराठीत. त्यात काय निसटले देव जाणे. विक्रीचे आकडे जुळेनात म्हणून मीच ते 'सरळ' केले. अहवालात एक अक्षर नाही. गुण मात्र छान मिळाले.

माझे म्हणणे एवढेच, की प्रत्येक प्रकल्पाला एक पान दुरुस्त्यांचे असावे, आणि प्राध्यापकांनी त्या पानालाही गुण द्यावेत. 'एवढ्याशा पाहणीला कशाला?' असे मित्र म्हणतात. पण उद्या ऑडिटच्या कचेरीत आपणच बसणार ना?

ते चाळीस फॉर्म अजून माझ्या ट्रंकेत आहेत. पेन्सिलीखालचे मूळ आकडे वाचता येतात.