राजीनाम्याआधी वही



मागे मंचरच्या बाजारात आंबेगावच्या पूर्वेकडचा एक पोरगा भेटला. चाकणच्या कारखान्यात कायम नोकरीला आहे. म्हणाला, "काका, राजीनामा देतो. घरची चार एकर कोरडवाहू आहे. विकतचं खत-औषध न घेता शेती करतो. पुण्याचे साहेब येऊन करतात, मी तर इथलाच."

त्याला शाबासकी द्यावी असे मला वाटले नाही. वेड्यात काढावे, असेही वाटले नाही.

आपल्या जुन्नर-आंबेगावातून माणसे मुंबईला गेली ती डबे वाहायला, माथाडीत, गिरणीत. त्यांच्या मनीऑर्डरीवर इकडची बाजरी-ज्वारी तगली. १९८२ च्या संपानंतर कित्येक गिरणी कामगार गावी परतले आणि मनीऑर्डर थांबली, तेव्हा घराला कळले की शेत आपल्याला पोसत नव्हते, आपणच शेताला पोसत होतो.

नोकरी सोडून शेतीत आलेला सर्वांत नावाजलेला माणूस तर आपल्या शेजारचाच. मंचरहून खेड ओलांडले की चाकण, चाकणला लागून आंबेठाण. स्वित्झर्लंडमधली बर्नच्या जागतिक टपाल संघटनेतली नोकरी सोडून शरद जोशींनी १९७७ साली तिथे सुमारे २३ एकर कोरडवाहू जमीन घेतली. काकडी केली, बटाटा केला. बुद्धी होती, मेहनत होती, गाठीला पैसाही होता. तरी शेती तोट्यात. हा गडी जर अडाणीपणामुळे बुडाला नाही, तर आपण अडाणी म्हणून बुडतो हे सरकारी पुराण खोटे ठरले. दोष पिकवण्यात नव्हता, भावात होता. त्या तोट्याच्या हिशेबातून १९७९ साली संघटना उभी राहिली. ज्या चाकणला कांद्यासाठी रस्ते अडवले, तिथेच आज मोटारीचे कारखाने आहेत आणि आपला हा पोरगा त्यातल्याच एकात पाळी करतो!

म्हणून नव्याने शेती करणाऱ्याला माझा पहिला प्रश्न गांडूळखताचा नाही. वही आहे का, हा आहे.

साहेबाच्या शेतावर तोटा झाला तर ती हौस म्हणवते. आपल्या शेतावर झाला तर ते कर्ज असते. पेन्शनीवर चालणारी शेती कितीही हिरवी दिसो, तिला शाश्वत म्हणायला माझी जीभ रेटत नाही. सेंद्रिय म्हणून सरकारी प्रमाणपत्र हवे तर हंगामी पिकाला आधी निदान दोन वर्षे पालटाची काढावी लागतात. त्या काळात उतारा घटला तरी भाव साध्या मालाचाच. ती दोन वर्षे घर कशावर चालणार?

खर्च वाचतो हे मात्र खरे, आणि कापूसवाल्याला ते मी सांगायला नको. बियाणे, खत, फवारणी यांत पहिली वेचणी घरात येण्याआधीच उधारी चढलेली असते. पण विकतचे खत टाळायचे तर शेण हवे, शेणाला जनावर हवे, जनावराला कडबा हवा. मालदांडीच्या कडब्यावर बैल आणि बैलांच्या शेणावर रान, ही शेती आपल्या आज्याने केलीच होती. ती आपण अडाणीपणाने मोडली नाही. बैलजोडी परवडेना म्हणून मोडली. २०१५ च्या कायद्याने तर म्हातारा बैल कसायाला विकायची वाटही बंद केली. म्हणजे शाश्वत शेती करा म्हणून शिबिरे घ्यायची आणि तिच्या मुळाशी असलेले जनावर तोट्यात घालायचे!

पोराला मी एवढेच म्हणालो, की नोकरी ठेव. एक एकर घे, ज्वारी आणि तूर कर, दोन हंगाम काढ. १९९१ साली शेगावला संघटनेने सीताशेतीची गोष्ट मांडली, तीही घरच्या बाईच्या हातची, विकतच्या खता-औषधावर न विसंबणारी. अख्खे रान एका दमात पणाला लावा, असे कुणी म्हटले नव्हते. आणि रोज लिही. बियाणे, भाडे, हमाली, तोलाई, अडत, सगळे. उतारा किती आला हे शेवटी. कडबा विकला नाही, घरच्या जनावराला घातला, तरी त्याची किंमत धर.

एक हंगाम झाल्यावर तो वही घेऊन आला. अक्षर नेटके, बेरजा बरोबर. एकरी चार पैसे उरलेले दिसत होते, म्हणून गडी खुशीत होता. मी पानं उलटली. खुरपणीच्या रकान्यात मजुरी शून्य.

"खुरपणी कुणी केली?"

"आईनं. आणि मंडळीनं."

"किती दिवस?"

त्याला सांगता येईना. वही परत दिली. आता त्या दोघींना विचारून तो रकाना भरणार आहे आणि पुढच्या बैठकीला त्यांनाही घेऊन येणार आहे. राजीनाम्याचा कागद तोवर खिशातच आहे.