बँकेच्या पिशवीत न सापडणारा रुपया

अमेरिकेत एक छंद रूढ आहे. बँकेतून सुट्या नाण्यांच्या गुंडाळ्या घ्यायच्या, घरी एकेक नाणे तपासायचे आणि १९६४ किंवा त्याआधीचे एखादे सापडते का ते पाहायचे. त्या सालापर्यंतच्या तेथील डाइम, क्वार्टर आणि हाफ डॉलर या नाण्यांत नव्वद टक्के चांदी असे. नाणे उभे धरावे. कडेवर तांब्याची रेघ दिसली नाही, तर ते बहुधा चांदीचे.

हे पाहून धुळ्या-जळगावातील एखाद्या तरुणाने बँकेतून चिल्लरीची पिशवी आणून उपसली, तर त्याच्या हाती चांदी लागणार नाही. आपल्याकडे ती सरकारने केव्हाच वेचून नेली आहे.

१८३५ साली कंपनी सरकारने एकसारखा रुपया सुरू केला. वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे नेमका एक तोळा. बारा भागांत अकरा भाग चांदी. दुसऱ्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली तेव्हा, १९४० मध्ये, हे प्रमाण निम्म्यावर आले. १९४१ ते १९४३ या काळात व्हिक्टोरिया, एडवर्ड आणि जॉर्ज यांचे चोख रुपये एकामागून एक चलनातून बाद झाले. निम्म्या चांदीचे रुपयेही पुढे गोळा करून वितळवले गेले, कारण युद्धकाळात अमेरिकेकडून उसनी घेतलेली सुमारे २२ कोटी ६० लाख औंस चांदी फेडायची होती. १९४७ चा वाघाचा रुपया निकेलचा आहे. त्याला लोहचुंबक चिकटते, चांदीला चिकटत नाही. नवशिक्याला एवढी परीक्षा पुरते.

मग उरलेला रुपया कुठे आहे? घरात आहे, आणि तेथून तो मुशीकडे जातो.

धुळ्याच्या उत्तरेस, मुंबई-आग्रा महामार्गावरील सोनगीर हे तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ख्यातनाम गाव. फुटके भांडे मोडीत द्यावे, वर पैसे घालून नवे घ्यावे, ही रीत तेथे कोणाला समजावून सांगावी लागत नाही. भांड्याच्या बाबतीत ती रास्तच आहे, कारण त्याच धातूतून नवा हंडा घडतो. परंतु राणीछाप रुपया सोनाराच्या काट्यावर मोडीच्या भावाने चढतो, तेव्हा त्यावरचा मजकूर कायमचा जातो.

आणि मजकूर पुष्कळ असतो. १८६२ हे साल असलेला रुपया १८६२ चाच असेल असे नाही; ते साल पुढे दहा-बारा वर्षे तसेच छापले जात होते. काही नाण्यांवरील बारीक टिंबे मोजून अभ्यासक पाडणीचे खरे वर्ष ठरवतात. १८७७ पासून ‘क्वीन’च्या जागी ‘एम्प्रेस’ येते. १९११ च्या रुपयावर पंचम जॉर्जच्या झग्यावरील हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला. बोभाटा झाला, नाणे मागे घेतले गेले आणि १९१२ साली हत्तीला नीट सोंड मिळाली. ब्रासो लावून घासलेल्या रुपयावर ही टिंबे आणि ही सोंड शोधून दाखवावी!

तरीही नाणे विकणाऱ्याला अडाणी म्हणणे अन्यायाचे आहे. बंदा रुपया हा खेड्यातील घराचा विमाच होता. पीक बुडाले, आजारपण आले की तो मोडायचा, यासाठीच तो ठेवलेला असे. सातपुड्यातील भिल्ल आणि पावरा स्त्रियांच्या गळ्यात रुपयांच्या माळा दिसतात, त्यांचाही एक अर्थ हाच. त्या रुपयांना कडी डाखलेली असते. संग्राहक अशा नाण्याला सदोष ठरवून भाव पाडतात. हा निवाडा बाजाराचा आहे, इतिहासाचा नव्हे. टाकसाळीतून निघून कोरा राहिलेला रुपया केवळ टाकसाळीविषयी सांगतो. डाख लागलेला, राणीचा गाल झिजलेला रुपया तो कोणी, कसा आणि किती वर्षे वापरला हेही सांगतो. खानदेशापुरते तरी हे दुसरे नाणे अधिक दुर्मीळ मानायला हवे, कारण ते जपण्यात कोणालाच रस नाही.

म्हणून खानदेशातील तरुणांनी बँकेची रांग सोडून आजीचा डबा उघडावा. नाणे विकू नका असे तिला सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण विकण्याआधी अर्धा तास मागता येतो. वजन करावे, दोन्ही बाजूंचे आणि कडेचे छायाचित्र घ्यावे, नाणे घरात कोणाकडून आले ते तिच्याच शब्दांत लिहून ठेवावे. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे, नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. वाचता न आलेले नाणे तेथे दाखवता येते. नांगरताना जमिनीत गाडगे लागले, तर मात्र गोष्ट वेगळी. दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे.