विला कॅथर : इच्छापत्राचा आदर आणि पत्रांचा हक्क

लेखकाच्या मृत्यूनंतर त्याची इच्छा कुठवर पाळावी, हा प्रश्न अमेरिकन कादंबरीकार विला कॅथर (१८७३-१९४७) यांच्याबाबत निव्वळ नैतिक राहत नाही. तो वाङ्मयेतिहासाच्या पद्धतीचाही प्रश्न होतो.

व्हर्जिनियात जन्मलेल्या कॅथर १८८३ मध्ये कुटुंबासह नेब्रास्काच्या माळरानावर आल्या. तिथल्या स्थलांतरित शेतकऱ्यांचे जग पुढे 'ओ पायोनियर्स!' (१९१३) आणि 'माय आंतोनिया' (१९१८) या कादंबऱ्यांत उतरले. मधली बरीच वर्षे पत्रकारितेत गेली. ती सोडून स्वतःच्या लेखनाकडे वळा, असे ज्येष्ठ लेखिका सॅरा ऑर्न ज्युएट यांनी त्यांना १९०८ मध्ये कळवले, तेही पत्रानेच.

असे असूनही आपली पत्रे प्रसिद्ध वा उद्धृत करू नयेत, अशी अट कॅथर यांनी इच्छापत्रात घातली. परिणामी कित्येक दशके चरित्रकारांना पत्रांतला आशय स्वतःच्या शब्दांत सांगावा लागला. आमच्या मते खरा अन्याय इथेच झाला. ज्या लेखिकेने एकेका शब्दाची निवड जपली, तिचे म्हणणे दुसऱ्यांच्या शब्दांत फिरत राहिले. एडिथ लुईस यांच्याशी असलेल्या सुमारे चार दशकांच्या सहजीवनाविषयीही मूळ शब्द समोर ठेवून वाद घालण्याची सोय नव्हती. मौनाने खाजगीपण राखले गेले नाही. तर्काला मात्र मोकळे रान मिळाले.

अखेर २०१३ मध्ये अँड्र्यू ज्युएल आणि जॅनिस स्टाउट यांनी निवडक पत्रांचा संग्रह संपादित केला. हा इच्छेचा भंग होता, हे मान्य करूनच आम्ही त्याचे समर्थन करतो. जिवंत व्यक्तीच्या खाजगीपणाला जे संरक्षण हवे, ते मृत्यूनंतर साठ-पासष्ट वर्षांनीही तसेच हवे, असे आम्हांला वाटत नाही.

मात्र एक धोका उरतोच. १९२२ च्या एका निबंधात कॅथर यांनी कादंबरीतले अनावश्यक सामान बाहेर काढण्याचा आग्रह धरला होता. पानावर न लिहिलेले वाचकाला जाणवावे, ही त्यांची कलादृष्टी होती. पत्रांची किल्ली लावून ती रिकामी जागा आपण भरू लागलो, तर कादंबरी वाचणे संपेल आणि पुरावे गोळा करणे सुरू होईल. विद्यार्थ्यांनी पत्रे जरूर वाचावीत. पण 'माय आंतोनिया' वाचून झाल्यावर.